दान आणि त्याग

आपल्या नित्याच्या बोलण्यात दान आणि त्याग हे दोन शब्द इतके जवळजवळ वावरतात की ते एकाच घरातले असावेत असा कोणाचाही समज व्हावा. देवस्थानाच्या वार्षिक अहवालात देणगीदारांच्या ‘त्यागाबद्दल’ आभार मानलेले असतात, आणि शोकसभेत मृताच्या दानशूर व त्यागी जीवनाचा उल्लेख वक्ता एका दमात करून टाकतो. मराठी भाषा मात्र तिच्या वक्त्यांपेक्षा पुष्कळ शहाणी आहे. दान म्हटले की ती लगेच विचारते, ‘कोणाला?’ आणि त्याग म्हटला की विचारते, ‘कशाचा?’ दानाला घेणारा लागतो. त्याच्यावाचून ते वाक्यच अपुरे राहते. त्यागाच्या वाक्यात घेणाऱ्याची जागा नाही. राज्याचा त्याग केला, देहाचा त्याग केला, संसाराचा त्याग केला, एवढे म्हटले की अर्थ पुरा होतो. कोंकणीतही ‘दिवप’ वेगळे आणि ‘सोडप’ वेगळे, हे सांगावयास नकोच.

ह्याच भेदाची खूण आपल्या दोन वाक्प्रचारांत उमटलेली आहे. दानाचा संकल्प करून आपण घेणाऱ्याच्या हातावर उदक सोडतो. आणि एखादी गोष्ट आता आपली नव्हे असे ठरले म्हणजे तिच्यावर पाणी सोडतो. पाणी तेच आणि सोडणेही तेच. परंतु पहिल्या पाण्याखाली कोणाचा तरी पसरलेला हात आहे, दुसऱ्याखाली नाही. तुळशीपत्राची गोष्ट तर याहून मौजेची. दानाच्या वस्तूवर तुळशीपत्र ठेवतात ते ती घेणाऱ्याच्या स्वाधीन करण्यासाठी. तथापि ‘त्याने घरादारावर तुळशीपत्र ठेवले’ असे आपण म्हणतो, तेव्हा ते घरदार पुढे कोणाच्या पदरात पडले याची चौकशी करण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. विधी दानाचा होता. वाक्प्रचार होता होता घेणारा त्यातून गळून पडला आणि मागे उरला तो त्याग.

वैयाकरणांनी आणि मीमांसकांनी ह्या भेदाचा कसून विचार केलेला आहे. पाणिनीने देण्याच्या क्रियेसाठी ‘संप्रदान’ नावाचे स्वतंत्र कारक मानले, आणि चतुर्थी विभक्ती त्याच्या वाट्याला दिली. व्याकरणग्रंथांतून एक उदाहरण चर्चिले जाते ते परटाला कपडे देण्याचे. आपण परटाला कपडे ‘देतो’ खरे, परंतु त्यांवरील आपले स्वामित्व सुटत नाही, ते धुऊन परत यावयाचे असतात. म्हणून परीट हा खरा संप्रदान नव्हे, आणि संस्कृतात तेथे चतुर्थीऐवजी षष्ठी येते. देण्याच्या क्रियेचे नाव तेच राहिले तरी आपलेपण सुटल्यावाचून दान होत नाही, हे परटाच्या गाठोड्याने जितके स्पष्ट होते तितके मोठ्या प्रवचनांनीही होत नाही.

मीमांसक याहून एक पाऊल पुढे गेले. याग, होम आणि दान ह्या तीन क्रियांचे भेद दाखविताना त्यांनी म्हटले की, द्रव्याचा त्याग ह्या तिहींतही समानच आहे. देवतेस उद्देशून द्रव्यावरचे आपलेपण सोडले की याग होतो. ते द्रव्य अग्नीत टाकण्याची क्रिया त्याला जोडली की होम होतो. आणि आपले स्वामित्व मावळून त्या ठिकाणी दुसऱ्याचे स्वामित्व उत्पन्न झाले की दान होते. होमाच्या वेळी आहुती देऊन यजमान ‘न मम’ म्हणतो, तो ह्या त्यागाचा उच्चार. ह्या विचाराने पाहिले तर त्याग हे दानाचे अर्धे अंग ठरते. सोडणे हे पहिले अर्ध, आणि दुसऱ्याचे करून देणे हे उरलेले.

आता आमच्या व्यवसायातील शास्त्र काय म्हणते ते पाहू. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १२२ व्या कलमाप्रमाणे दान म्हणजे विद्यमान मालमत्तेचे, स्वेच्छेने व मोबदल्यावाचून केलेले हस्तांतरण. आणि ते घेणाऱ्याने, किंवा त्याच्या वतीने कोणी, दात्याच्या हयातीत स्वीकारले पाहिजे. स्वीकारण्यापूर्वी घेणारा मेला तर दान व्यर्थ. कलम नेटके आहे, आणि त्यातील प्रत्येक शब्दाची परीक्षा होऊन गेलेली आहे. परंतु वाचकांच्या ध्यानात येईल की, देताना दात्याचे काय गेले ह्याविषयी त्यात एक अक्षर नाही. अडगळीतले दिले की पोटातले काढून दिले, हा प्रश्न कायद्यापुढे येतच नाही. आणि तो येऊ नये हेच बरे, कारण न्यायाधीशाजवळ त्याचे माप नाही. मीमांसकांचे दुसरे अर्ध कायदा मोजतो. पहिले अर्ध तो ‘स्वेच्छेने’ ह्या एका शब्दावर सोपवून मोकळा होतो.

ही दोन्ही अर्धे एकमेकांपासून सुटी होऊ शकतात काय? आपल्या ग्रंथांत ह्याची दोन ठळक उदाहरणे आहेत, आणि ती एकमेकांच्या अगदी उलट आहेत.

पहिले कठोपनिषदाच्या आरंभीचे. वाजश्रवसाने सर्वस्व देण्याचा यज्ञ मांडला, आणि दक्षिणेसाठी गाई निघाल्या त्या कशा? म्हाताऱ्या, भाकड, ज्यांच्याकडून कोणाला काही मिळण्याची आशा संपली आहे अशा. संख्या भरली असेल, विधी यथासांग झाला असेल, घेणाऱ्यांनी स्वीकारही केला असेल. आमच्या कलमाप्रमाणे त्या दानात खोट काढता येणार नाही. परंतु यजमानाच्या गोठ्यातले जे जाण्यासारखे होते तेच गेले आणि राहण्यासारखे राहिले. हे दान आहे आणि ह्यात त्याग नाही. ते ओळखले कुमार नचिकेताने, आणि त्याने बापाला विचारले ते नेमके दानाच्या विभक्तीत: मला कोणाला देणार? पुन्हा विचारले, तिसऱ्यांदा विचारले, तेव्हा बाप चिडून म्हणाला, मृत्यूला. येथे एक वकिली टीप द्यावीशी वाटते. भयाने, क्रोधाने किंवा शोकाच्या भरात दिलेले ते न दिल्यासारखेच, असे नारदस्मृती सांगते. तेव्हा नचिकेताला हे दान रद्द करून घेण्यास उत्तम सबब होती. त्याने ती घेतली नाही आणि बापालाही घेऊ दिली नाही.

दुसरे उदाहरण कर्णाचे. ब्राह्मणाच्या वेषाने आलेल्या इंद्राला त्याने कवचकुंडले दिली, ह्यासाठी दानशूरांच्या यादीत त्याचे नाव पहिले घेतले जाते. परंतु वनपर्वातील कथा नीट वाचली तर असे दिसते की, सूर्याने त्याला आधीच सावध केले होते: देऊ नकोस, आणि द्यावयाचेच असेल तर बदल्यात इंद्राची अमोघ शक्ती मागून घे. कर्णाने ती मागितली आणि इंद्राने ती दिली. मोबदला आला की दान संपले आणि विनिमय सुरू झाला, असे कोणताही मुनसफ सांगेल. तरीसुद्धा कर्णाच्या कृत्यापुढे आपण नम्र होतो ते का? कारण जन्मापासून अंगाला चिकटलेली वस्तू त्याने शस्त्राने कापून काढली, आणि ती गेल्यावर आपण मारले जाऊ शकतो हे त्याला ठाऊक होते. दान म्हणून ते शुद्ध नाही. त्याग म्हणून त्यात उणे काढता येत नाही. वाजश्रवसापाशी सारे शास्त्र होते आणि हे एक नव्हते.

ह्याचा अर्थ त्याग श्रेष्ठ आणि दान कनिष्ठ, असा मात्र मी काढीत नाही. तसा अर्थ काढण्याची आपल्याकडे मोठी सवय आहे आणि ती फार हिताची नाही. ज्याच्या पोटात भूक आहे त्याला दात्याच्या मनाची शुद्धी उपयोगी पडत नाही. गीतेनेही सतराव्या अध्यायात दानाचे आणि अठराव्यात त्यागाचे तीन तीन प्रकार सांगताना यज्ञ, दान व तप ही कर्मे सोडण्याची नव्हेत असे बजावले आहे. धर्मशास्त्रकार तर दोहोंनाही कुंपण घालतात. नारदाने अदेय वस्तूंची यादी दिली तीत दुसऱ्याची ठेव आहे, समाईक मालमत्ता आहे, बायको व मुले आहेत, आणि घरी संतती असताना सर्वस्वही आहे. गोव्यात १८७० पासून लागू असलेल्या पोर्तुगीज नागरी संहितेने मुलांचा जो हिस्सा राखून ठेवला, आणि २०१२ च्या वारसा कायद्यानेही अर्ध्या मालमत्तेपुरता तो कायम ठेवला, तोही हेच सांगतो: अर्ध्याच्या पलीकडे केलेले दान मुलांना छाटून घेता येते. लिस्बनचे कायदेपंडित आणि आमचे स्मृतिकार ह्यांची गाठ कधी पडली नव्हती, तरी बापाच्या उदारपणाविषयी दोघांना सारखीच धास्ती वाटली. त्यागाविषयीही तेच. बायकामुलांची तजवीज न करता संन्यास घेणाऱ्यास कौटिल्याने दंड सांगितला आहे. सोडणारा सोडतो ते पुष्कळदा एकट्याचे नसते.

आता ज्या प्रश्नासाठी हा सारा प्रपंच मांडला त्याकडे येतो, आणि त्याला वाट आपल्या देवळांवरून जाते.

जुने ताम्रपट ज्यांनी पाहिले असतील त्यांना दानपत्राचा थाट ठाऊक असेल. दात्याची वंशावळ, त्याचे पराक्रम, घेणाऱ्याचे गोत्र व शाखा, दिलेल्या भूमीच्या चतुःसीमा, तिथी व पर्व, आणि शेवटी ते दान मोडणाऱ्यास शाप. कोंकणात तर त्या शापाचे चित्रही दगडावर कोरीत. गधेगाळ म्हणतात ती हीच. दान लिहून ठेवण्यासाठीच असते, कारण त्याने उद्याचे हक्क ठरावयाचे असतात. म्हणून देवळाच्या पायरीवर किंवा फरशीवर देणगीदाराचे नाव कोरलेले दिसले तर मी हसत नाही. तो ताम्रपटाचाच गरीब वंशज आहे.

श्रीमंगेशाच्या देवस्थानाचे पाहा. १७३९ साली रामचंद्र मल्हार सुखठणकर ह्यांच्या शब्दावरून मराठ्यांच्या दरबाराने मंगेशी गाव देवाला इनाम दिला. कवळ्याच्या श्रीशांतादुर्गेच्या आजच्या देवळामागे शाहू महाराजांचे मंत्री नारोराम ह्यांचे प्रयत्न होते, हेही प्रसिद्ध आहे. ही दाने आहेत, मोठी आहेत, आणि दात्यांची नावे आपण आदराने घेतो ते योग्यच आहे. परंतु हे देव त्या जागी आले कसे? मंगेश मूळचा जुवारीकाठच्या कुशस्थळीचा, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचा, शांतादुर्गा केळशीची. १५६० च्या सुमारास आणि त्यानंतरच्या काही वर्षांत, साष्टीतील देवळे पाडली जाऊ लागली तेव्हा, माणसांनी आपले देव उचलले आणि नदी ओलांडून तेव्हा आदिलशाहीत असलेल्या अंत्रुज महालात नेले. मागे घरे राहिली, शेते राहिली, गावकरीचे पिढीजाद हक्क राहिले. काही कुटुंबे त्याहीपुढे, पार कानडा मुलखात गेली. इनाम देणाऱ्यांची नावे आपण जाणतो. देव उचलून नेणाऱ्या बहुतेकांची कोणास ठाऊक नाहीत. सोडलेल्या जमिनीचे दानपत्र कोण करणार? ती कोणाला दिलीच नव्हती. त्या काळच्या देवळांच्या जमिनींचा तपशील शोधू गेल्यास तो ज्यांनी त्या घेतल्या त्यांच्या दप्तरात सापडतो.

येथे एक शंका उद्भवते आणि ती टाळता येण्यासारखी नाही. जे सक्तीने गेले त्याला त्याग म्हणावे काय? आमच्या कलमातील ‘स्वेच्छेने’ हा शब्द येथे आडवा येतो. माझे उत्तर असे की, काहीतरी गमवावे लागेल एवढेच सक्तीने ठरविले. काय गमवावयाचे ते त्या माणसांनी ठरविले. कोणी देव ठेवला आणि जमीन सोडली. कोणी जमीन ठेवली आणि देव सोडला. ह्या दुसऱ्यांविषयी आज चार शतकांनंतर न्यायासनावर बसण्याचा अधिकार मला वाटत नाही; घरी म्हातारी आई आणि कडेवर मूल असताना नदीकाठी उभ्या राहिलेल्या माणसाने काय ठरवावे हे दुसऱ्याने सांगू नये. परंतु पहिल्यांनी जे केले तो त्याग होता असे मी म्हणतो, कारण ठेवण्याची वाट मोकळी असताना त्यांनी सोडले. ज्या सत्तेने त्यांना त्या काठावर आणून उभे केले तिला त्या त्यागाचे यत्किंचितही श्रेय नाही, हे मात्र कोणी विसरू नये.

हे शेवटचे वाक्य आपण इतिहासाविषयी सहज मान्य करतो. आपल्या घराविषयी करतो काय?

बहिणीने बापाच्या मालमत्तेतील आपला हिस्सा भावांसाठी सोडला म्हणजे त्या कागदाला हक्कसोडपत्र म्हणतात. गोव्यात मुलीचा हिस्सा दीडशे वर्षांपासून मुलाच्या बरोबरीचा आहे. इंदूर, बडोदे येथील वाचकांच्या घरी एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत हा हक्क २००५ च्या दुरुस्तीने आला, आणि तो जन्मतःच आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये निःसंदिग्ध केले. म्हणजे देशभर आज बहिणीपाशी सोडण्याजोगे काहीतरी आहे. आणि ज्या वेगाने हक्क आला त्याच वेगाने हक्कसोडपत्रेही होऊ लागली. ती करून देताना घरात जो शब्द ऐकू येतो तो ‘त्याग’ हा. ताईने त्याग केला, आत्याने एका शब्दाने सही केली, असे कौतुकाने सांगितले जाते.

ह्या कौतुकात एक मोठी सोय दडलेली आहे. बहिणीने दिले असे म्हटले तर विचारावे लागते, कोणाला? उत्तर समोर बसलेले असते. घेणाऱ्याला ‘मी घेतले’ असे म्हणावे लागते, आणि घेतले म्हणणाऱ्याच्या मनावर त्याचे ओझे येते. तिने सोडले, त्याग केला, असे म्हटले की घेणाऱ्याची विभक्तीच नाहीशी होते. हिस्सा जणू वाऱ्यावर गेला आणि वाऱ्यानेच तो भावांच्या नावावर आणून टाकला. कागदाची भाषाही ह्या सोयीला साह्य करते. बक्षीसपत्राला स्वीकार लागतो. हक्कसोडीत एकाने सोडले की उरलेल्यांचा हिस्सा आपसूक वाढतो. आणि बहुतेक ठिकाणी मुद्रांकाचा भारही हलका पडतो, हा वेगळाच लाभ.

मला असे वाटते की दान आणि त्याग ह्यांतील खरा व्यावहारिक भेद येथे आहे. दान मागता येते. मागणे हे आपल्या परंपरेत कमीपणाचे मानलेले नाही. बटूने भिक्षा मागावी, देवळाने वर्गणी मागावी, इंद्राने कुंडले मागावीत. मागणारा आपला हात पुढे करतो आणि त्या हातासकट लोकांना दिसतो. त्याग मात्र मागता येत नाही. जो दुसऱ्याला ‘तू त्याग कर’ म्हणतो तो वस्तुतः दान मागत असतो आणि याचकाचा पसरलेला हात लपवीत असतो. देवव्रताच्या प्रतिज्ञेची कथा ह्याच कारणाने मला नेहमी अस्वस्थ करते. दाशराजाने निदान उघड मागितले: माझ्या मुलीच्या मुलांना राज्य हवे. शंतनूने काहीच मागितले नाही. तो नुसता उदास बसला, आणि मुलाने सर्व सोडल्यावर ते त्याने घेतले. उदास बसणाऱ्या शंतनूंची आपल्या घरांत वाण नाही. ‘आम्ही तुझ्याकडे काही मागत नाही हो, तुझ्या मनाला पटेल तसे कर’ हे वाक्य मी कचेरीत इतक्या वेळा ऐकले आहे की त्यापुढे काय येणार हे मला पाठ झाले आहे.

कारण बहिणीच्या मनात त्या वेळी काय चाललेले असते हे समोरच्या सर्वांना ठाऊक असते. हिस्सा घेतला तर माहेर राहील काय? चतुर्थीला बोलावणे येईल काय? देवीच्या जत्रेला गेल्यावर त्या घरात उतरता येईल काय? काहीतरी जाणार हे ठरलेलेच आहे, काय जाऊ द्यावयाचे तेवढे तिने निवडावयाचे. म्हणजे कुठ्ठाळीच्या काठावर जी माणसे उभी होती त्यांच्याच जागी ती उभी असते. फरक एवढाच की, तिला तेथे आणून उभी करणारे परके नाहीत. तिने जमीन सोडून माहेर ठेवले तर तो तिचा त्याग खरा आहे, आणि मी त्यापुढे मान लववितो. परंतु त्याचे कौतुक करण्याचा अधिकार भावांना कसा पोचतो?

प्रत्येक हक्कसोडीत अन्याय असतो असे माझे म्हणणे नाही. कित्येक घरी भावाने आईबापांचे शेवटचे दुखणे एकट्याने काढलेले असते. घरचा देव, त्याची पूजा, देवस्थानाची वार्षिक सेवा ही सारी त्याच्या अंगावर असते, आणि बहीण ते जाणून समाधानाने आपला हिस्सा त्याला देते. ते दान आहे, आणि उत्तम दान आहे. म्हणूनच त्याला दान म्हणावे असा माझा आग्रह. तेथे त्याग हा मोठा शब्द वापरून बहिणीचा मान वाढत नाही. तिने समजून उमजून जे दिले त्यातील समजणे तेवढे पुसले जाते.

काही वर्षांपूर्वी फोंड्याच्या बाजूची एक वृद्ध बाई आपल्या दोन भावांबरोबर कागद करण्यास आली होती. वडिलांच्या पश्चात कुळागर आणि घर, तिघांचे समान हिस्से. मी मसुदा वाचून दाखवीत असता तिने मला मध्येच थांबवून विचारले, “वकीलबाब, तुमी कितें बरयतात — हांवें दिलें, काय हांवें सोडलें?” मी सांगितले की मसुद्यात सोडले असे आहे, आणि दिले असे लिहावयाचे असल्यास कागद वेगळा होईल, खर्च अधिक येईल, हिश्शाचे मोल मांडावे लागेल आणि भावांना स्वीकाराची सही करावी लागेल. ती म्हणाली, मोल मांडा. मी मांडले. धाकट्या भावाने तो आकडा दोनदा वाचला आणि थोरल्याकडे पाहिले. कोणी भांडले नाही, कोणी काही बोललेही नाही. परंतु त्या दिवशी कागद झाला नाही.

दोन महिन्यांनी तिघेही पुन्हा आली, ती आपसांत बोलून आली होती. विहिरीकडच्या पोफळींचा तुकडा आणि घरातील पूर्वेची खोली बाईच्या नावे राहावयाची, आणि उरलेल्या हिश्शाचे बक्षीसपत्र करावयाचे. ते तसे झाले. त्या कागदावर देणारीची एक आणि घेणाऱ्यांच्या दोन अशा सह्या आहेत.